नर्सिंग होममधल्या कुठल्या वस्तूला किती घसारा? वॉर्डात फिरून करायची वर्गवारी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका नर्सिंग होमचं प्राप्तिकराच्या हिशेबाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा त्यांच्या घसारा तक्त्यात, म्हणजे वस्तू झिजते म्हणून दरवर्षी उत्पन्नातून वजा मिळणाऱ्या रकमेच्या तक्त्यात, 'हॉस्पिटल इक्विपमेंट' अशी एकच ओळ होती. दर सरसकट १५ टक्के. त्या ओळीत ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) टेबल होतं, कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारं सोनोग्राफी मशीन) होतं, ऑक्सिजनचे सिलिंडर होते आणि रिसेप्शनसमोरचा सोफाही होता. आधीच्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्यापर्यंत फक्त बिलं पोचायची, तीही सप्टेंबरात, औषध कंपनीच्या कापडी पिशवीतून. बिलावर लिहिलेलं असायचं 'मेडिकल सिस्टीम विथ ॲक्सेसरीज'. त्यावरून आत नेमकं काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि ती वापरणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय तिला ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच दराच्या आणि एकत्र हिशेबाच्या वस्तूंच्या गटात, बसवायचं नाही. पुढे जी पद्धत सांगतोय ती दहा ते तीस बेडच्या, डॉक्टरांच्या स्वतःच्या मालकीच्या किंवा भागीदारीतल्या नर्सिंग होमसाठी आहे. कलमं १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातली आहेत आणि दर १९६२ च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टातले. मार्च २०२६ ला संपणाऱ्या वर्षापर्यंतचे हिशेब त्यांवरच होतात. १ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांना २०२५ चा नवा कायदा लागतो. तिथे कलमांचे आकडे वेगळे आहेत, पण ब्लॉकची पद्धत तीच ठेवली आहे.

आधी एक खुलासा. डॉक्टर कलम ४४एडीएखाली, म्हणजे जमेच्या निम्मं उत्पन्न दाखवून कर भरत असतील तर घसारा वेगळा मिळत नाही. तो त्यातच मिळाला असं धरतात आणि ब्लॉकची शिल्लक दरवर्षी तेवढी उतरते. म्हणून ज्यांना पुढे कधीतरी नियमित हिशेबावर यायचं आहे, त्यांनीही तक्ता चालू ठेवावा. ट्रस्टचं रुग्णालय असेल आणि वस्तूची किंमत आधीच धर्मादाय खर्च म्हणून दाखवली असेल, तर त्याच वस्तूवर पुन्हा घसारा मिळत नाही.

पहिली पायरी : फेरी

दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. ओपीडी संपलेली असते, ओटीत केस नसते. सोबत थिएटरच्या सिस्टर आणि एक्स-रे टेक्निशियन हवेत. डॉक्टरांना घेऊ नका. एक तर त्यांना वेळ नसतो, आणि कुठली वस्तू कुठल्या कपाटामागे पडली आहे हे त्यांना माहीत नसतं. ते वॉर्डातल्या मामांना आणि मावशींना माहीत असतं. एका ठिकाणी वहीत 'चालू' दिसणारं सक्शन मशीन तीन वर्षांपूर्वीच भंगारात गेल्याचं मला मावशींनीच सांगितलं.

प्रत्येक वस्तूचा फोटो काढा आणि मागच्या पट्टीवरचा सिरीयल नंबर त्यात दिसू द्या. एक्स-रे, सी-आर्म (ऑपरेशनच्या वेळी वापरायचं एक्स-रे मशीन), सीटी यांच्या नोंदी एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीत असतात, सोनोग्राफीच्या पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याखालच्या नोंदणीत. ते कागद शेजारी ठेवून नंबर जुळवा. सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे तपासणीची नोंद ठेवणारी पेटी, जोडायचा प्रयोग आपल्या कोल्हापुरातच झाला होता. तसली जुनी पेटी अजून कुठे मशीनला चिकटलेली दिसली तर तिला स्वतंत्र ओळ देऊ नका, ती मशीनचाच भाग.

या फेरीचं सगळ्यात मोठं काम म्हणजे आपल्या नसलेल्या वस्तू बाजूला काढणं. लॅबमधला ॲनालायझर बहुतेक वेळा रीएजंट (तपासणीची रसायनं) विकणाऱ्या कंपनीने 'रीएजंट घ्या, मशीन वापरा' या करारावर ठेवलेला असतो. मालकी कंपनीची, घसाराही कंपनीचा. ऑक्सिजनच्या जंबो सिलिंडरपैकी निम्मे पुरवठादाराचे असतात. बाहेरून येणारे सर्जन स्वतःचा लॅप्रोस्कोपीचा सेट तुमच्या ओटीत ठेवून जातात, तो त्यांच्या तक्त्यात असतो. कर्जावर घेतलेलं मशीन मात्र तुमचंच, बँकेचा बोजा असला तरी.

इमारत

जमिनीला घसारा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी खरेदीखताची पूर्ण रक्कम इमारतीच्या ओळीत टाकलेली मी अनेकदा बघितली आहे. ताराबाई पार्कात जुना बंगला घेऊन त्याचं नर्सिंग होम केलं असेल तर किमतीचा मोठा हिस्सा जमिनीचाच असतो. मूल्यांकन करून घ्या आणि जमीन वेगळी काढा.

उरलेली इमारत १० टक्क्यांत. वरच्या मजल्यावर डॉक्टरांचं घर असेल तर कलम ३८ प्रमाणे तेवढा हिस्सा वजा करायचा. मी चौरस फुटांवरून काढतो आणि नकाशाची प्रत फाईलला लावतो. बोअरवेल कुठे घालायची असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. परिशिष्टाच्या टिपेतच लिहिलं आहे की इमारतीत रस्ते, पूल, विहिरी आणि कूपनलिका येतात. म्हणून बोअर १० टक्क्यांत, तिच्यावरचा पंप १५ मध्ये. पत्र्याची किंवा लाकडी निव्वळ तात्पुरती शेड ४० टक्क्यांत बसते, पण 'तात्पुरती' शेड दहा वर्षं उभी असेल तर अधिकारी हसणारच.

भाड्याच्या जागेत केलेलं काम, म्हणजे पार्टिशन, ओटीच्या भिंती, फरशी, यांनाही तुम्हीच मालक असल्यासारखा १० टक्के घसारा मिळतो. कलम ३२ च्या पहिल्या स्पष्टीकरणात ते आहे. नुसती रंगरंगोटी आणि डागडुजी मात्र त्याच वर्षीचा खर्च.

जुने सल्लागार कधी कधी 'नर्सिंग होमची इमारत म्हणजे प्लांट' (यंत्रसामग्री, जिला इमारतीपेक्षा जास्त दर मिळतो) असं ठामपणे सांगतात. ते अगदीच हवेत बोलत नाहीत. नर्सिंग होमसाठी खास सोयी करून बांधलेली इमारत प्लांट ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने एका डॉक्टरांच्या खटल्यात खरंच म्हटलं होतं. पण २००३ च्या वित्त कायद्याने प्लांटची व्याख्याच बदलली. १ एप्रिल २००४ पासून इमारत आणि फर्निचर-फिटिंग्ज प्लांटच्या बाहेर गेले. त्याच यादीत चहाची झाडं आणि जनावरं आहेत, त्यामुळे इमारतीला सोबत चांगली मिळाली. तो निकाल आज वापरू नका.

फर्निचर आणि फिटिंग्ज, १० टक्के

खुर्च्या, टेबलं, कपाटं, रिसेप्शनचं काउंटर, बेडसाइड लॉकर. शिवाय वायरिंग, स्विच, सॉकेट आणि पंखे, कारण विजेच्या फिटिंग्जमध्ये परिशिष्टाने ते नाव घेऊन घातले आहेत. एसी, इन्व्हर्टर, फ्रिज, टीव्ही हे मी १५ मध्ये धरतो.

अडतं ते कॉटवर. साधी लोखंडी कॉट फर्निचर, यात वाद नाही. दांडा हाताने फिरवून डोक्याची बाजू उचलायची फाउलर कॉटही मी फर्निचरमध्येच ठेवतो. आयसीयूतला मोटरवर चालणारा, रुग्णाला बसतं-झोपतं करणारा बेड मात्र उपकरण आहे असं माझं मत. त्याला १५ लावतो आणि तसं का केलं याची दोन ओळींची टीप फाईलला ठेवतो. उद्या मी नसलो तरी माझ्या जागी बसलेल्याला उत्तर देता आलं पाहिजे.

पंधरा की चाळीस?

चूक बहुतेक इथेच होते, आणि दोन्ही बाजूंनी होते.

यंत्रसामग्रीचा सर्वसाधारण दर १५ टक्के. ४० टक्क्यांत 'जीवरक्षक वैद्यकीय उपकरणं' नावाची एक बंद यादी आहे. बंद म्हणजे तिच्यात नाव असेल तरच. "हे मशीन जीव वाचवत नाही का?" असा प्रश्न डॉक्टर हमखास विचारतात. वाचवतं, सर, पण यादीत नाही.

यादीत आहेत : आतून वापरायचे डीसी डिफिब्रिलेटर आणि पेसमेकर, हिमोडायलायझर, हार्ट-लंग मशीन, कोबाल्ट थेरपी युनिट, कलर डॉपलर, स्पेक्ट गॅमा कॅमेरा, अँजिओग्राफी सिस्टीम, व्हेंटिलेटर (भूल देण्याच्या यंत्रासोबतचे आणि स्वतंत्र, दोन्ही), एमआरआय, सर्जिकल लेझर, गॅमा नाइफ, बोन मॅरो ट्रान्सप्लांटची उपकरणं, फायबर ऑप्टिक एंडोस्कोप आणि त्यात मोडणाऱ्या दुर्बिणी, म्हणजे आर्थ्रोस्कोप, रिसेक्टोस्कोप, ब्रॉन्कोस्कोप वगैरे, आणि सिंगल इन्सिजनचा लॅप्रोस्कोप.

आता जे नाही ते बघा. साधं एक्स-रे मशीन नाही. सीटी स्कॅन नाही. सी-आर्म, मल्टिपॅरा मॉनिटर, सिरिंज पंप, कॉटरी, ऑटोक्लेव्ह, ओटी लाइट, बाळांचा वॉर्मर, फोटोथेरपी, सक्शन, यांपैकी एकही नाही. हे सगळं १५ टक्क्यांत. एमआरआय ४० मध्ये आणि सीटी १५ मध्ये, यात तर्क शोधत बसू नका.

सोनोग्राफीत लक्ष द्या. साधं काळं-पांढरं मशीन १५, कलर डॉपलर ४०. पण कंपनीच्या बिलावर नुसतं 'अल्ट्रासाउंड सिस्टीम' असतं. टेक्निशियनला विचारा, मशीनवर डॉपलर चालू करून दाखवायला सांगा, आणि कंपनीकडून मॉडेलचं माहितीपत्रक किंवा तसं पत्र घेऊन बिलाला टाचा. १४ लाखांच्या मशीनवर पहिल्या वर्षी १५ टक्क्यांनी २,१०,००० मिळतात आणि ४० टक्क्यांनी ५,६०,०००. साडेतीन लाखांचा फरक एका शब्दावर आहे. उलट प्रकारही बघितला आहे : डॉपलर नसलेलं जुनं पोर्टेबल मशीन बिनधास्त ४० मध्ये.

भुलीच्या यंत्राचंही तसंच. नुसतं बॉईल्स ॲपरेटस १५. व्हेंटिलेटरसह वर्कस्टेशन असेल तर व्हेंटिलेटरचा भाग ४०. म्हणून बिलात दोन्हीच्या किमती वेगळ्या लिहून घ्या, आणि ते खरेदीच्या वेळीच सांगा. नंतर कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. भिंतीवर टांगलेला बाहेरून शॉक देणारा डिफिब्रिलेटर मी १५ मध्ये ठेवतो, कारण यादीतले शब्द 'आतून वापरायचे' असे आहेत. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा पूर्ण संच एकाच बिलात आला असेल तर एकत्र ठेवतो. दोन वर्षांनी सुटा घेतलेला मॉनिटर १५ मध्ये जातो.

जीवरक्षक यादीबाहेरही ४० टक्क्यांच्या काही वस्तू आहेत आणि त्या नेमक्या विसरल्या जातात. स्वतःच्या मालकीचे गॅस सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरसह. कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर, त्यात बिलिंगचं पॅकेजही आलं. गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर आणि सोलर पॅनेल. सांडपाणी प्रक्रियेची, परिशिष्टात नावानिशी दिलेली यंत्रं. ऑक्सिजनची पाइपलाइन आणि मॅनिफोल्ड मात्र १५ मध्ये, सिलिंडर त्याला जोडलेले असले तरी.

प्रिंटर, स्कॅनर कॉम्प्युटरशिवाय चालत नसतील तर त्याच्यासोबत. ओटीच्या दिव्यांसाठी लावलेला यूपीएस त्यात ओढू नका. लिफ्ट, जनरेटर, रुग्णवाहिका १५. डॉक्टरांची गाडीही १५, पण तिचा खासगी वापर वजा करून. नवीन मशीनवर २० टक्के जादा घसारा मिळतो असं कोणी सांगितलं तर ते उत्पादन करणाऱ्यांसाठी आहे. नर्सिंग होममध्ये माल तयार होत नाही.

किंमत काय धरायची?

बिलाची रक्कम ही सुरुवात. त्यात भाडं, हमाली, बसवण्याचा खर्च आणि मशीन वापरात येईपर्यंतचं कर्जाचं व्याज मिळवायचं. रुग्णसेवेवर जीएसटी माफ असल्याने खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून तोही किमतीत. ज्या रकमेचं क्रेडिट घेतलं तिच्यावर घसारा नाही, दोन्ही एकदम मिळत नाहीत. अनुदान मिळालं असेल तर वजा.

एक्स-रेच्या खोलीचं काय? मी एकच प्रश्न विचारतो : मशीन नसतं तर हा खर्च झाला असता का? लेड लावलेलं दार, खास केबल, स्टॅबिलायझर हे मशीनसाठी, म्हणून मशीनच्या किमतीत. खोलीच्या विटा आणि फरशी इमारतीत.

आणि रोख. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेत तर ती रक्कम किमतीत धरलीच जात नाही, कलम ४३(१). जुनं मशीन ओळखीने घेताना ही चूक होते. "निम्मे रोख द्या" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि बँकेतूनच पैसे द्या.

तारीख, आणि दसऱ्याचा मुहूर्त

घसारा वस्तू वापरात आल्यापासून मिळतो, विकत घेतल्यापासून नाही. घेतल्याच्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. ३१ मार्चपासून मागे मोजा : ३ ऑक्टोबरपर्यंत वापरात आली तर पूर्ण, ४ ऑक्टोबरपासून निम्मी. फेब्रुवारी २९ दिवसांचा असेल तर एक दिवस जास्त मिळतो.

कोल्हापुरात मशीन दसऱ्याला सुरू करायची हौस असते. दसरा चौकात सोनं लुटायचं आणि हॉस्पिटलात मशीनला हार घालायचा. पण २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ चा १२ ऑक्टोबरला. दोन्ही वर्षी मुहूर्ताने अर्धा घसारा पुढे ढकलला. २०२५ चा २ ऑक्टोबरला आला म्हणून वाचलो, तोही एका दिवसाने. घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळतो, त्यामुळे श्रद्धा असेल तर खुशाल थांबा. फक्त माहीत असू द्या.

वापराचा पुरावा म्हणजे नुसतं इन्स्टॉलेशन रिपोर्ट नव्हे. पहिल्या रुग्णाची नोंद दाखवा : ओटी रजिस्टर, एक्स-रे रजिस्टर, सोनोग्राफीचा फॉर्म एफ. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. परवानगी लागणारं मशीन परवानगीच्या आधी वापरात आलं असं दाखवता येत नाही. एईआरबीचा कागद २० ऑक्टोबरचा आणि घसारा तक्त्यात वापराची तारीख २५ सप्टेंबर असेल, तर घसारा राहिला बाजूला, तुम्ही दुसऱ्याच कायद्याचा भंग स्वतःच्या सहीने कबूल केलात.

दुरुस्ती की नवी वस्तू?

मशीन होतं तसं चालू ठेवणारा खर्च दुरुस्तीत जातो. बिघडलेल्या प्रोबच्या जागी तसाच प्रोब आणला, तर खर्च. आधी नसलेली तपासणी करता यावी म्हणून जादा प्रोब घेतला, तर भांडवल. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, खर्च. चादरी, ॲप्रन, कात्र्या-चिमटे मी खर्चात टाकतो, पण नवीन ओटी उभी करताना एकदम घेतलेला उपकरणांचा मोठा संच ब्लॉकमध्ये. पाच हजारांखालची वस्तू सरळ खर्ची टाकायची जुनी सवलत १९९६ मध्येच गेली, तरी काही वह्यांत ती अजून जिवंत आहे.

एक उदाहरण

१५ टक्क्यांच्या ब्लॉकची सुरुवातीची शिल्लक १८,४०,०००. जुलैत ओटी टेबल ३,२०,०००. डिसेंबरात सी-आर्म ९,००,०००. जुनं एक्स-रे मशीन १,५०,००० ला विकलं.

विक्री आधी पूर्ण दराच्या रकमेतून वजा करायची : १८,४०,००० अधिक ३,२०,००० उणे १,५०,००० म्हणजे २०,१०,०००. त्याचे १५ टक्के ३,०१,५००. सी-आर्मवर निम्म्या दराने, साडेसात टक्क्यांनी ६७,५००. एकूण घसारा ३,६९,०००. पुढच्या वर्षाची शिल्लक २९,१०,००० (२०,१०,००० अधिक सी-आर्मचे ९,००,०००) उणे ३,६९,०००, म्हणजे २५,४१,०००.

एक्स-रे मशीन मुळात कितीला घेतलं होतं आणि वहीत त्याचं किती उरलं होतं, याचा इथे काही संबंध आला नाही. ब्लॉकमध्ये गेलेली वस्तू प्राप्तिकरापुरती आपली ओळख गमावते. म्हणूनच चुकीच्या ब्लॉकमध्ये गेली की बाहेर काढणं जड जातं. कंपनीच्या नावावर हॉस्पिटल असेल तर कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे आयुष्यावरून वेगळा तक्ता लागतो (सीटी, अल्ट्रासाउंड, ईसीजी मॉनिटर १३ वर्षं, इतर वैद्यकीय उपकरणं १५), आणि तिथे प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र हिशेब असतो.

एक्स्चेंजमध्ये नवं मशीन घेतलं तर फरकाची रक्कम टाकू नका. नव्याची पूर्ण किंमत मिळवा आणि जुन्याची ठरलेली किंमत वजा करा. दोन्ही मशीन वेगवेगळ्या ब्लॉकची असतील तर हा घोळ नंतर निस्तरत नाही. वजाबाकीनंतर ब्लॉक शून्याखाली गेला तर तेवढा अल्पकालीन भांडवली नफा, कलम ५०. ब्लॉकमध्ये एकही वस्तू उरली नाही आणि रक्कम मात्र उरली, तर घसारा नाही, तो भांडवली तोटा.

पुरानंतर

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या पोराटोरांना पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचे जनरेटर आणि एक्स-रे मशीन आधी बुडाले, कारण जड वस्तू खालीच असतात.

भिजून निकामी झालेलं मशीन तक्त्यातून 'उडवायचं' नसतं. विम्याचे किंवा भंगाराचे जे पैसे येणं आहेत तेवढे ब्लॉकमधून वजा होतात. विमा नव्हता आणि भंगारातही काही आलं नाही, तर ब्लॉक तसाच राहतो आणि उरलेल्या वस्तूंसोबत त्याचा घसारा चालू राहतो. समजा सहा लाख विमा मिळाला आणि दहा लाखांचं नवं मशीन आणलं, तर सहा वजा, दहा अधिक.

पण विमा मिळायला सर्व्हेअरला सिरीयल नंबर, खरेदीची तारीख आणि किंमत दाखवावी लागते. एका ठिकाणी रजिस्टर उत्तम लिहिलेलं होतं, आणि ते तळमजल्यावरच्या ऑफिसच्या कपाटात खालच्या खणात होतं. चिखलाने पानं चिकटली होती. आता मी रजिस्टर शीटमध्ये ठेवतो : वस्तूचा नंबर, सिरीयल नंबर, जागा, पुरवठादार, बिलाची तारीख, परवानगीची तारीख, वापराची तारीख, किंमत, ब्लॉक, ब्लॉक निवडण्याचं कारण, आणि फोटो. एक प्रत डॉक्टरांच्या मोबाइलवर, एक माझ्याकडे. वस्तूवर पेंटने नंबर घालून घेतो, कारण कागदी स्टिकर स्पिरिटने पुसून जातात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मावशींसोबत पुन्हा एक फेरी असते.